खाणीच्या तलावावरचं गाऱ्हाणं

आमच्या बोरिवलीच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो, त्याच्या पाठीमागे आम्ही एकदा तीन दिवस हवापालटाला गेलो होतो. सरळ चालत गेलो असतो तर त्याच दिवशी पोचलो असतो. पण मध्ये जंगल, जंगलात बिबटे, म्हणून कंपनीच्या बसने घोडबंदरवरून ठाण्याला वळसा घालून मुलुंडला नेलं. उतरल्यावर समोर तोच डोंगर. आमची धाकटी अनुपमा म्हणाली, हा तर आपलाच. मी म्हटलं, आजवर त्याचं तोंड बघितलंस, आता पाठ बघून घे.

साल शहाऐंशी, महिना मे. मे महिन्यात गावी जावं, फणस खावेत, भाऊबंदांशी भांडावं आणि परत यावं, ही आमची रीत. पण आमच्या ह्यांची नोकरी नवी, रजा मिळेना. हे म्हणजे दशरथ तावडे. मी तोंडाने नाव घेत नाही, लिहायला हरकत नाही. आधी परळच्या एका गिरणीत होते. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. दोन वर्षं घरी बसल्यावर कांदिवलीच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. खोकल्याच्या बाटल्या खोक्यात भरायच्या. माग चालवलेल्या माणसाला हे काम कसं वाटत असेल ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या कंपनीत टिपणीस नावाचे वेल्फेअर ऑफिसर होते. कामगाराला मोकळ्या हवेत खेळवला की तो युनियनकडे कमी जातो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्यांनी कामगारांच्या कुटुंबांसाठी 'लेकसाइड हॉलिडे रिसॉर्ट' ठरवलं होतं. लेक म्हणजे दगडाची खाण. खाण बंद पडली, तिच्यात पाणी साचलं, कुणीतरी काठावर खोल्या बांधल्या, एक सिमेंटचा जिराफ उभा केला आणि बोर्ड लावला. बंद पडलेल्या गिरण्यांचंही पुढे असंच काहीतरी होईल, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

पाणी मात्र खोल होतं. तिथला रखवालदार सहदेव पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांना जमवून म्हणाला, पोरांना सांभाळा, खाणीचा एक अख्खा ट्रक तळाशी आहे आणि त्याचं टपही दिसत नाही. एवढं सांगून तो भजी तळायला निघून गेला.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती ह्यांच्या पोहण्याची.

मुंबईत माणूस कोकणातला म्हटला की लोकांना वाटतं, याला समुद्रातूनच उचलून आणलाय. आमच्या ह्यांचं गाव फोंड्याच्या घाटाखाली. तिथल्या ओढ्याला गणपतीत पूर येतो आणि शिमग्याला गोटे दिसतात. ह्यांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो दादरच्या चौपाटीवर, गिरणीत लागल्यानंतर. बघून दोन पावलं मागे सरले होते म्हणे. पोहता येण्याचा प्रश्नच नव्हता.

माझं माहेर आचऱ्याच्या खाडीकाठचं. माझे बाबा तर चालवायचे, म्हणजे या काठाची माणसं होडीने त्या काठाला सोडायची. मला चालता कधी यायला लागलं ते आठवत नाही, पण वल्हं केव्हा धरलं ते आठवतं. सोळाव्या वर्षी, ऐन श्रावणात, दोर तुटून होडी समुद्राकडे निघाली. बाबा तापाने आजारी. मी पाण्यात उडी टाकली, पोहत जाऊन होडी गाठली आणि परत आणली. होडीत शाळेच्या मास्तरांची सायकल होती. खाडी म्हणाल तर फार मोठी नाही, या काठावरून हाक मारली की त्या काठावरचा ओ देईल एवढी. पण पाण्याला ओढ होती.

ही हकीगत मी लग्नानंतर ह्यांना एकदा सांगितली. त्यांनी ऐकली आणि झोपले.

पुढे संप झाला. गिरणीतले लोक सुरुवातीला घरी यायचे, मग यायचे बंद झाले. आमचा चंद्रप्रकाश तेव्हा नऊ वर्षांचा. शेजारच्या पोरांचे बाप संध्याकाळी कामावरून घरी यायचे, याचा बाप सकाळपासून घरीच. मुलगा तोंडाने काही बोलायचा नाही, पण बापाने हाक मारली की उशिराने ओ द्यायचा. आणि एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना माझ्या कानावर आलं, की ह्यांनी सोळाव्या वर्षी खाडी पोहून होडी परत आणली.

माझा हात थांबला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चंद्रप्रकाशकडे बघितलं. गिरणी बंद पडल्यापासून पोरगा बापाकडे असं टक लावून बघत नव्हता. मी भाकरी तव्यावर टाकली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. दागिना चोरला असता तर एवढा आला नसता. पण त्या माणसाजवळ पोराला सांगण्यासारखं दुसरं काही शिल्लक नव्हतं, हेही मला दिसत होतं.

त्यानंतर ती गोष्ट आमच्याकडे वाढत गेली. मास्तरांच्या सायकलीच्या जागी स्वतः मास्तर आले. गेल्या वर्षी मास्तरांच्या शेजारी मास्तरीणबाई येऊन बसल्या. खाडी बोरिवली स्टेशनापासून नॅशनल पार्कच्या गेटापर्यंत रुंद झाली. मी कुठेही अडवलं नाही. बोरिवलीत मला पोहता येतं का, हे कुणी विचारलंही नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच मला विचारायचे.

तर मुलुंडला जाताना बसमध्ये भेंड्या संपल्या आणि चंद्रप्रकाशने ही गोष्ट सगळ्या बसला सांगितली. छान सांगितली, मास्तरीणबाईंसकट. पोरगा तेरा वर्षांचा झाला होता, कंठ फुटत होता, तरी सांगताना त्याची मान ताठ होती. आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, ट्रक होता. पुढच्या सीटवर टिपणीस साहेब ऐकत होते, त्यांनी लगेच कागद काढला.

रिसॉर्टवर पोचल्यावर त्यांनी कार्यक्रम भिंतीवर लावला. पहिल्या दिवशी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी नौकास्पर्धा. होड्या दोन. ऑफिस खात्याच्या होडीचे कॅप्टन टिपणीस साहेब स्वतः, पॅकिंग खात्याच्या होडीचे कॅप्टन श्री. दशरथ तावडे. प्रत्येक कॅप्टनने आपल्या कुटुंबाला होडीत बसवून पलीकडच्या काठाला जायचं, तिथल्या झाडाला बांधलेला झेंडा सोडवायचा आणि परत यायचं. अंगावर घालायला फुगीर जाकिटं वगैरे काही नव्हती. तलावात पडायचं नाही, अशी पाटी होती.

पॅकिंग खात्याला तर जिंकल्यासारखंच वाटायला लागलं. ह्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा काशीराम मालवणकडचा, तो येऊन ह्यांची पाठ थोपटून गेला. चंद्रप्रकाश लिंबू-चमच्यात पहिल्याच पावलाला लिंबू पाडून आला आणि म्हणाला, जाऊ दे ना यार, उद्या बाबा आहेत.

संध्याकाळी मी जेवणाची ताटं घासायला नळावर गेले तर हे मागून आले. बराच वेळ राख हातात घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, पोटात दुखतंय म्हणून सांगा. ते म्हणाले, एका खोट्यावर आणखी एक कशाला. मी म्हटलं, मग खरं सांगा. ते म्हणाले, चंद्रूच्या समोर? मला चीड आली. मी म्हटलं, त्या खाणीत ट्रक बुडालाय, त्याच्यावर माझी दोन पोरं जाऊन बसायला नकोत. सकाळपर्यंत तुम्ही साहेबांना सांगितलं नाहीत तर मी सांगेन.

त्यांनी हातातली राख खाली टाकली. मग मालवणीत म्हणाले, "तू सांगलंस तर माझ्याकडे काय उरात गो?"

मी ताट पुन्हा एकदा घासलं. ते आधीच घासून झालं होतं.

सकाळी सगळे काठावर जमले. टिपणीस साहेब पांढरी टोपी घालून आले होते. होडीत पाय ठेवणार एवढ्यात काशीराम आडवा आला. म्हणाला, साहेब, नव्या जागेचं पाणी आहे. जागेवाल्याला नारळ दिल्याशिवाय कसं उतरायचं? साहेब म्हणाले, नारळ कुठून आणणार इथे? तर सगळ्या कोकणी बायकांनी पिशव्या उघडल्या. घरून निघताना नारळ घ्या असं कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं, पण एकीच्याही पिशवीत तो नव्हता असं झालं नाही. खाणीला कसला आलाय राखणदार, अशी एक शंका ऑफिस खात्यातून निघाली. काशीराम म्हणाला, जागा आहे म्हटल्यावर जागेवाला असणारच, तो काय आपल्याला विचारून बसतो?

आणि गाऱ्हाणं घालायचं तर तावड्यांनीच, असं ठरलं. यात मात्र खोटं काही नव्हतं. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम ह्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं. गिरणीतही दसऱ्याला मागाची पूजा झाली की गाऱ्हाणं हेच घालायचे. आवाज असा, की यंत्रं बंद असली तर तिन्ही मजल्यांवर ऐकू जायचा. गाऱ्हाण्याचा नियम एकच. राखणदाराला काय आहे ते खरं सांगायचं. कोण आलंय, कशाला आलंय, काय जमतं, काय जमत नाही. त्याच्या दारात खोटं बोललं तर तो बोलणाऱ्याला सोडून त्याच्या पोराबाळांना धरतो. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं, ह्यांना तर दुधातूनच पाजलं असणार.

ह्यांनी चप्पल काढली, नारळ दोन्ही हातांत धरला, पाण्याकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या जागेवाल्या, ह्या पाण्याच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," पॅकिंग खातं म्हणालं.

हे सुरू झाले. डोंगराला हाक घातली, डोंगरातल्या वाघराला घातली. खाणीत दगड फोडताना जे कुणी गेले असतील त्यांना घातली. मुलुंडच्या सीमेला, ठाण्याच्या सीमेला, डोंगराच्या त्या अंगाला बोरिवलीला. प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा. चौथ्या-पाचव्या वेळेपासून ऑफिस खातंही म्हणायला लागलं. हिशेब बघणारे शहाभाई तर डोळे मिटून म्हणत होते. ऊन चढायला लागलं, टिपणीस साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मला वाटलं, हे वेळ काढताहेत. मनात म्हटलं, काढा, जेवणाची वेळ होईपर्यंत काढा, स्पर्धा रद्द होऊ दे. फोंड्याच्या घाटातलं एक एक वळण घेतलंत तरी चालेल.

पण हे मध्येच थांबले. नारळ हातात तसाच.

"आता ह्या होडयेत माझी दोन पोरां बसतली," ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा."

"आणि वल्हवतलो मी, असा सगळ्यांका वाटता."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, माका पोवूक येणा नाय."

"व्हय म्हाराजा," सगळं पॅकिंग खातं एका दमात, मोठ्याने म्हणालं. ऑफिस खात्यानेही दुजोरा दिला. गाऱ्हाण्यात शब्द ऐकायची सवय नसते, वाक्य संपलं की म्हणायचं असतं. एकटा काशीराम अर्ध्यात अडकला.

"वल्हा मी जल्मात हातीत धरूक नाय."

आता व्हय म्हाराजा जरा कमी आलं. शहाभाईंचं मात्र पूर्वीसारखंच.

"खाडी पोवान गेललो तो मी न्हय. गेली ती माझी घरकारीण. सुलक्षणा."

चार माणसांत ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात घेतलं होतं, तेही उखाण्यात. मी पदर कुठे आहे ते बघितलं, तो खांद्यावरच होता.

"गिरण बंद पडली तेवा पोरांका सांगूसारख्या माझ्याकडे काय उराक नाय. म्हणान तिची गजाल मी माझी म्हणान सांगलंय. ती गप रवली. ह्या चुकला म्हाराजा. काय लावायचा ता माका लाव, पोरांका लावू नको. वल्हा आता तिच्या हातीत दितंय. सगळ्यांका सुखरूप पलीकडे ने, आणि परत घेवन ये रे म्हाराजा."

कुणीतरी म्हणायला हवं होतं. गाऱ्हाणं तसंच अधांतरी सोडायचं नसतं. मी चंद्रप्रकाशकडे बघितलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कान लाल झाले होते. तो बापाकडे बघत नव्हता, सिमेंटच्या जिराफाकडे बघत होता. शेवटी काशीराम खाकरला आणि एकट्याने व्हय म्हाराजा म्हणाला. हे वाकले, दगडावर नारळ फोडला. नारळ चांगला निघाला.

टिपणीस साहेब ठाण्याचे, त्यांना मालवणी कळायला जरा वेळ लागला. शहाभाईंनी त्यांना काय झालं ते विचारलं, त्यांनी काशीरामला विचारलं. मग ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, वहिनी, आपण पॅकिंग खात्याची होडी रद्द करू या का? त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण लग्नानंतरच्या सतरा वर्षांत मला पाण्याबद्दल पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारत होतं, आणि ते असं. मी म्हटलं, रद्द कशाला? मी पदर खोचला, निऱ्या वर ओढून कमरेला बांधल्या आणि होडीत जाऊन बसले. वल्हं हातात घेतलं. हलकं होतं, आमच्याकडे असल्या वल्ह्याने ताक घुसळतील.

अनुपमा टुणकन उडी मारून आली. चंद्रप्रकाश आला, पण आमच्या सगळ्यांकडे पाठ करून पुढच्या टोकाला बसला. काठावर हे एकटे राहिले. त्यांनी यायची काही गरज नव्हती. कुणी हसलंही नसतं, सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. हे पाण्यात उतरले, होडीच्या कडेला धरून कसेबसे आत आले आणि मधल्या फळीवर बसले. दोन्ही हातांनी फळी अशी धरली की नखं पांढरी पडली. दादरच्या चौपाटीवर मागे सरलेला माणूस तो. मला त्या क्षणी ते फार आवडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

शिट्टी झाली. टिपणीस साहेबांची होडी जागच्या जागी फिरायला लागली. ते एकाच बाजूने वल्हवत होते आणि त्यांच्या मिसेस दुसऱ्या बाजूने सूचना देत होत्या. आम्ही निघालो. पहिल्या चार वल्ह्यांत खांद्याची हाडं कुरकुरली, मग त्यांना सगळं आठवलं. पाणी काळं आणि गप्प होतं, ओढ नव्हती. असल्या पाण्यात मी झोपेतसुद्धा वल्हवलं असतं. काठावर काशीराम काहीतरी ओरडत होता, बहुतेक शाबासकी असावी.

मध्यावर आलो. खाली ट्रक असेल, असं मला एकदा वाटून गेलं. ह्यांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. चंद्रप्रकाशची पाठ जिराफासारखीच ताठ होती. पोराचा काय दोष? बसभर लोकांना त्याने मान वर करून सांगितलं होतं.

मग त्याने मागे न वळताच विचारलं, "आई, खाडी खरंच केवढी होती?"

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही, होडीच्या तळाशी थोडं पाणी साचलं होतं त्याच्याकडे बघत राहिले. आता त्यांच्याजवळ सोडून द्यायलाही काही उरलं नव्हतं.

मी एक वल्हं मारलं. दुसरं मारलं.

"बाबा सांगतात तेवढीच," मी म्हटलं.

"म्हणजे स्टेशनापासून पार्कच्या गेटापर्यंत?"

"जरा जास्तच असेल. पाऊस होता ना."

"आणि होडीत मास्तर होते?"

"होते."

"मास्तरीणबाई?"

"त्या तर सारख्या ओरडत होत्या," मी म्हटलं. "मास्तरांनी बिचाऱ्यांनी हात धरून ठेवला होता त्यांचा."

अनुपमा हसली. ह्यांनी फळीवरचा एक हात सोडला, तोंडावरून फिरवला आणि लगेच पुन्हा फळी धरली. पलीकडचा काठ जवळ आला, झाडाला बांधलेला झेंडा दिसायला लागला. तेव्हा चंद्रप्रकाश पुढे बघतच, फुटक्या आवाजात, उशिराने म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी त्याला सांगितलं, हात आत घे, काठ लागेल.